मिरजेची तंतुवाद्ये

सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात तानपुरा, सतार, वीणा ही वाद्ये हाताने घडविण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. तिची सुरुवात शिकलगार घराण्याने केली. शिकलगारांचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर या घराण्यातील फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. मिरज संस्थानात गाण्याला राजाश्रय होता, पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) येथे स्थायिक झाले, आणि वाद्ये पारखणारे गिऱ्हाईक कारागिरांच्या दारात आले. कालांतराने 'सतारमेकर' हे कारागिरांचे आडनावच बनले.

वाद्याचा घट कडू भोपळ्याचा असतो. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणलेला भोपळा पूर्ण वाळवून, कापून, पाण्यात भिजवून आतून साफ केला जातो. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि वरून तबली, म्हणजे घटावरचे लाकडी झाकण, जोडतात. जोडकाम आणि नक्षी सवयीच्या हातालाही काही आठवडे घेते, पण या सर्व खटाटोपाची कसोटी लागते ती अगदी शेवटी, जवारी, म्हणजे तारेचा भरदार गुंजणारा नाद, काढताना. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने घासून त्याला इतका हलका उतार द्यायचा असतो, की कंप पावणारी तार त्यावर टेकत-सुटत राहील. मग तार व घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नाद खुलतो ती जागा शोधायची. एक घास जास्त बसला तर आवाज बद्द होतो आणि पुन्हा आरंभापासून घासावे लागते. यासाठी माप वा साचा नाही, कानच काय तो निर्णय देतो. धार लावणाऱ्यांच्या घराण्याला हे काम साधावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

लागणारा वेळ आणि मिळणारा मोबदला यांचे गणित फारसे जमत नसूनही हे काम टिकले, त्याचे एक कारण वडिलोपार्जित व्यवसाय हे आहेच. पण दुसरे अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. येथे गुणग्राहक समोर बसलेला असतो. गायक स्वतः कारखान्यात येतो, आपल्या पट्टीत तारा जुळवून घेतो, आणि जवारी लागली की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर तत्काळ दिसते. अशी पावती हस्तव्यवसायांत विरळाच. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने रियाजाची मागणी बरीच खाल्ली आणि घरातली तरुण मुले नोकरीकडे वळू लागली, तरी बैठकीसाठी हाती घडविलेला तानपुराच लागतो, असे मानणारे गायक आजही आहेत.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या वाद्यांइतकेच दुरुस्तीचे कामही येथे चालते: सततच्या वादनाने तारा घोडीत चरे पाडतात, जवारी बिघडते, आणि जुना तानपुरा पुन्हा कानशीखाली येतो.