आघात-प्रथमोपचार पेटी

रस्ते अपघात, स्फोट, उंचावरून पडणे, यंत्रात हात सापडणे किंवा शस्त्राचा वार यांमुळे झालेल्या गंभीर जखमांवर वैद्यकीय मदत मिळेपर्यंत उपाय करण्यासाठी एकत्र ठेवलेला साधनांचा संच. घरातल्या किंवा कचेरीतल्या नेहमीच्या प्रथमोपचार पेटीपेक्षा हिचा हेतू मर्यादित आहे. वाहते रक्त थांबवणे, श्वास चालू ठेवणे आणि शरीराची ऊब टिकवणे एवढ्यापुरतीच ती असते. खरचटणे, ताप, अपचन यांवरची औषधे तिच्यात नसतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. मांडीतली मुख्य धमनी तुटली तर प्राणावर बेतेल इतके रक्त काही मिनिटांत जाऊ शकते. त्यामुळे पहिला उपाय बहुधा जवळ असलेल्या माणसालाच करावा लागतो.

उगम

आजची पेटी दोन निरनिराळ्या परंपरांतून आली आहे. एक कारखान्याच्या आणि रेल्वेच्या भिंतीवर टांगलेल्या डब्याची, दुसरी सैनिकाच्या कमरेला असलेल्या पिशवीची. यांतली मूळ कोणती याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८८८ मध्ये रेल्वे कामगारांसाठी तयार प्रथमोपचार पेट्या विकायला काढल्या आणि व्यापारी पेटीचा आरंभ बहुतेक ठिकाणी तेथूनच धरला जातो. मात्र हा तयार मालाचा आरंभ झाला. सामान्य माणसाला जखम बांधायला शिकवण्याची संघटित चळवळ त्याआधीची आहे. इंग्लंडमध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन १८७७ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या वुलिच भागात फ्रान्सिस डंकन व पीटर शेपर्ड या लष्करी अधिकाऱ्यांनी नागरिकांसाठी वर्ग घेतले. शेपर्ड हा लष्करी शल्यवैद्य. तो जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील झुलू युद्धात इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. लंडनमधील या कामावरून स्फूर्ती घेऊन जर्मन शल्यवैद्य फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख (१८२३–१९०८) याने १८८२ मध्ये कील येथे तशीच शाळा काढली. क्रम पाहता शिक्षण आधी आणि डबा नंतर आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्रिकोणी पट्टीचे श्रेयही असेच वादग्रस्त आहे. ती सरसकट एस्मार्खच्या नावावर जमा होते, कारण बांधण्याच्या पद्धतींची चित्रे छापलेली पट्टी त्याने सैनिकांत लोकप्रिय केली. परंतु स्वित्झर्लंडमधील लोझानचा शल्यवैद्य मातियास मायोर (१७७५–१८४७) याने साध्या चौकोनी व त्रिकोणी कापडाने जखमा बांधण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधी मांडली होती. एस्मार्खचे स्वतःचे म्हणता येईल असे साधन म्हणजे १८७३ चा रबरी पट्टा. रक्तहीन शस्त्रक्रियेसाठी तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

टुर्निकेटचा प्रश्न

पेटीतल्या साधनांपैकी टुर्निकेटइतका वाद कशावरही झालेला नाही. हात किंवा पाय आवळून त्यातला रक्तप्रवाह पूर्ण बंद करणारा हा पट्टा. जर्मन शल्यवैद्य हान्स फॉन गेर्सडॉर्फ याच्या १५१७ च्या ग्रंथात अवयव कापण्यापूर्वी पट्ट्या आवळण्याचे वर्णन आहे. पट्टीखाली काठी घालून ती पिळण्याची कल्पना सहसा फ्रेंच शल्यवैद्य मोरेल याला दिली जाते. १६७४ च्या बझांसाँच्या वेढ्यात त्याने ती वापरली असे सांगतात. इंग्लंडमधील प्लिमथच्या जेम्स याँगनेही साधारण त्याच दशकात तशीच युक्ती वर्णिली आहे. दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. १७१८ मध्ये झाँ लुई पेती याने काठीऐवजी स्क्रू बसवला. त्यामुळे पट्टा धरून ठेवायला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही, आणि तांत्रिक दृष्ट्या खरी मोठी सुधारणा हीच म्हणावी लागेल.

भारतीय लेखनात टुर्निकेटचा शोध सुश्रुताच्या नावावर नोंदवण्याची प्रथा आहे. ती तपासून घ्यावी लागते. सुश्रुतसंहितेचा काळ अनिश्चित असून आजच्या पाठात अनेक थर आहेत. संहितेच्या कल्पस्थान या भागात सर्पदंशावर ‘अरिष्टा’ नावाचे बंधन सांगितले आहे: हातापायाला दंश झाल्यास त्याच्या वर चार अंगुळांवर कापड, चामडे, झाडाची साल किंवा तशाच मऊ वस्तूने बांधावे. बंधनाची जागा, अंतर आणि साहित्य इतके नेमके सांगणारे हे वर्णन मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्याचा उद्देश विष वर चढू न देणे हा आहे, रक्तस्राव थांबवणे हा नव्हे. शारीरस्थानात शिरावेधापूर्वी अवयव बांधण्यास सांगितले आहे ते शीर फुगून वर यावी म्हणून, म्हणजे रक्त काढण्यासाठी. रक्त थांबवण्याचे उपाय सूत्रस्थानात वेगळे दिले आहेत. संधान (जखम सांधणे), स्कंदन (रक्त गोठवणे), पाचन (भस्माने जखम सुकवणे) व दहन (डागणे) असे ते चार. त्यांत बंधन नाही. त्यामुळे आवळबंधाचे ज्ञान सुश्रुतपरंपरेत होते, रक्तस्रावासाठी त्याचा वापर मात्र दाखवता येत नाही, इतकेच म्हणणे सुरक्षित ठरेल.

या भेदाला आजही व्यवहारात महत्त्व आहे. सर्पदंशावर दोरी किंवा फडके करकचून आवळण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात टिकून आहे. घोणस किंवा फुरसे यांच्या दंशात अशा आवळण्याने त्या जागेच्या ऊती अधिक मरतात, आणि बंध एकदम सोडल्यास विष झपाट्याने पसरू शकते. भारतातील मान्य उपचारपद्धती त्याची शिफारस करत नाही. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे. पेटीतले टुर्निकेट सर्पदंशासाठी नाही हे शिकवताना स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण पट्टा दिसला की पहिली आठवण सापाचीच होते.

सापाचा प्रभाव भारतीय पेटीवर कायद्यातूनही पडला. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतील प्रथमोपचार पेटीच्या यादीत निर्जंतुक पट्ट्या आणि आयोडीन यांबरोबर सर्पदंशासाठी एक नश्तर व ३० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आहे. याचे मूळ लॉडर ब्रंटन, जोसेफ फेरर व लेनर्ड रॉजर्स या ब्रिटिश वैद्यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. दंशाच्या जागी चिरून परमँगनेटचे स्फटिक चोळावेत अशी ती पद्धत होती. वैद्यकाने ती केव्हाच टाकून दिली, यादीत मात्र ती राहून गेली. १९४८ च्या कारखाना अधिनियमात (कलम ४५) दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आणि तिच्यासाठी प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती अशी अट घातली होती. हा सारा वारसा भिंतीवरच्या डब्याचा आहे. जोराचा रक्तस्राव हा त्याच्या विचाराचा केंद्रबिंदू कधीच नव्हता.

विसाव्या शतकातील बदल

टुर्निकेट लावला म्हणजे अवयव गेला, ही समजूत दोन्ही महायुद्धांतील अनुभवांतून पक्की झाली. जखमींना तासन्‌तास बंध बांधलेल्या अवस्थेत पडून राहावे लागे हे तिचे मुख्य कारण दिसते. प्रथमोपचाराच्या वर्गांतही ‘शेवटचा उपाय’ म्हणूनच तो शिकवला जाई. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्य फ्रँक बटलर व सहकाऱ्यांनी रणभूमीवरील उपचारांची नवी मांडणी केली आणि क्रम उलटला: हातापायाच्या जोराच्या रक्तस्रावात टुर्निकेट शेवटचा नव्हे तर पहिला उपाय ठरला. इराक युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयात जॉन क्राग यांनी केलेल्या अभ्यासात २३२ जखमींना लावलेल्या ४२८ टुर्निकेटांची नोंद आहे. रक्त गेल्याने शॉक (रक्ताभिसरण कोसळण्याची अवस्था) येण्यापूर्वी टुर्निकेट लावलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, शॉकनंतर लावलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. केवळ टुर्निकेटमुळे एकही अवयव गमवावा लागला नाही. २००१ ते २०११ या काळातील ४,५९६ अमेरिकी सैनिकी मृत्यूंच्या पाहणीत रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या मृत्यूंपैकी सुमारे २४ टक्के टाळता येण्यासारखे ठरले, आणि त्या टाळता येण्याजोग्यांपैकी सुमारे ९१ टक्क्यांचे कारण रक्तस्राव होते. हे आकडे तरुण, चिलखतधारी सैनिकांचे आहेत. रस्ते अपघातांत डोक्याला मार बसण्याचे व बोथट आघातांचे प्रमाण मोठे असल्याने ते जसेच्या तसे नागरी जीवनाला लावता येत नाहीत.

नागरी क्षेत्रात हा विचार अमेरिकेतील सँडी हुक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर शिरला. २०१३ मध्ये शल्यवैद्य लेनवर्थ जेकब्ज यांच्या पुढाकाराने हार्टफर्ड येथे तज्ज्ञांची सहमती झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली. दरम्यान, एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांच्या जागी २७ टुर्निकेट लावले गेले, आणि सारे जागच्या जागी हाताला लागेल त्यातून केलेले होते. त्यांतले बरेच पुरेसे आवळले गेले नसावेत असे अभ्यासकांचे मत आहे.

घटक

पेटीचा गाभा म्हणजे दांडी पिळून आवळायचा टुर्निकेट. अमेरिकी सैन्यात रूढ असलेल्या प्रकाराचा पट्टा सुमारे ३.८ सेंमी रुंद असतो. रुंदी महत्त्वाची, कारण पट्टा जितका रुंद तितक्या कमी दाबाने धमनी बंद होते. सुतळी किंवा वायर त्वचेला व नसांना इजा करते. अर्धवट आवळलेला पट्टा न लावण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. तो फक्त नीला बंद करतो, धमनीतून रक्त येतच राहते आणि जखमेतला स्राव वाढतो. कमरेच्या पट्ट्याचे टुर्निकेट चित्रपटात शोभते. तो कडक असल्याने पिळता येत नाही. ऑनलाइन बाजारातल्या स्वस्त नकलांची दांडी ऐन वेळी वाकते किंवा तुटते.

जांघ, काख व मानेचा तळ येथे टुर्निकेट लावता येत नाही. तेथे जखमेत गॉज ठासून भरून वरून दाबावे लागते. रक्त गोठवणारे गॉज यासाठीच असते. आरंभीच्या झिओलाइट या खनिजाच्या भुकटीने उष्णता निर्माण होऊन भाजत असे. आता केओलिन (एक प्रकारची माती) किंवा कायटोसन (कोळंबीसारख्या जिवांच्या कवचापासूनचा पदार्थ) लावलेल्या पट्ट्या वापरतात. ‘अ‍ॅक्झिओस्टॅट’ ही कायटोसनची भारतीय बनावट आहे. ते नसल्यास साधे स्वच्छ गॉज चालते, फक्त अधिक वेळ दाबावे लागते. छातीच्या व पोटाच्या पोकळीत गॉज भरायचे नसते. छातीच्या उघड्या जखमेवर चिकटपट्टी लावावी की नाही याविषयी मतभेद आहेत. लष्करी मार्गदर्शक झडप असलेली पट्टी सुचवतात; २०१५ च्या आंतरराष्ट्रीय पुनरुज्जीवन शिफारशींनी मात्र सामान्य प्रथमोपचारकाने जखम हवाबंद करू नये असे म्हटले. अप्रशिक्षितांसाठी दुसरे मत अधिक सावध वाटते. छातीत घालायची सुई किंवा नाकातून घालायची नळी तयार संचांत आढळते. वैद्यकीय शिक्षण नसलेल्याने ती काढून ठेवावी. उरलेले साहित्य म्हणजे दाबपट्टी, नायट्राइलचे हातमोजे, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, दोन त्रिकोणी पट्ट्या, वेळ लिहायला मार्कर आणि चंदेरी ब्लँकेट. ब्लँकेट चैनीचे वाटते, पण अंग गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. उन्हात उभ्या गाडीत चिकटपट्ट्यांचा गोंद टिकत नाही, गॉजलाही वापराची मुदत असते.

शिक्षण

टुर्निकेट जखमेच्या वर ५ ते ८ सेंमीवर लावतात, सांध्यावर नाही. स्राव थांबेपर्यंत दांडी पिळायची, वेळ लिहायची आणि रुग्णालयापर्यंत तो सैल करायचा नाही. वेदना तीव्र असते. ती चुकीची खूण नव्हे. एकाने भागले नाही तर दुसरा त्याच्या वरच्या बाजूला लावतात. रक्त गोठवणारे गॉज ठासल्यावर किमान ३ मिनिटे दाबून धरतात, आणि मध्येच उचलून पाहण्याचा मोह आवरावा लागतो.

हे वाचून येते की हाताने करून, याचे उत्तर बऱ्यापैकी ठरले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ४६५ क्रीडागार कर्मचाऱ्यांपैकी कसलेही शिक्षण न मिळालेल्या सुमारे १६ टक्क्यांनाच टुर्निकेट बरोबर लावता आला, प्रत्यक्ष वर्ग केलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांना. ३ ते ९ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा वर्ग केलेल्यांचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर आले होते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी उजळणी करणे योग्य ठरते. सरावाचा टुर्निकेट वेगळा, बहुधा निळा, ठेवतात, कारण वारंवार पिळून पट्टा कमकुवत होतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ पासून चालू आहे. सह्याद्रीच्या घाटांत आणि गडांवर मात्र जखमीपर्यंत आधी पोहोचतात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळासारखे गिर्यारोहकांचे बचाव गट. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४ अ आले. त्यानुसार सद्‌हेतूने केलेल्या मदतीत हयगयीमुळे इजा वा मृत्यू घडला तरी मदतनीसावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.