जुनी गाडी मोडीत काढायची की विकायची? स्क्रॅपिंगची पात्रता, कागदपत्रं आणि सेकंडहँड बाजारातलं गणित

गाडीला पंधरा वर्षं होत आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो: आता ही सरकार भंगारात घालायला लावणार का? महाराष्ट्रातल्या खासगी गाडीपुरतं उत्तर सरळ आहे, नाही. केंद्राचं वाहन स्क्रॅपिंग धोरण १३ ऑगस्ट २०२१ला सुरू झालं ते ऐच्छिक म्हणूनच. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तपासणीत गाडी पास झाली तर ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तरीही या धोरणाने जुन्या गाड्यांचा भाव बदलला आहे. ते न समजल्यामुळे कुणी चालती गाडी मातीमोल विकतं, तर कुणी भंगारवाल्याला देऊन पुढची कटकट अंगावर घेतं. म्हणून आधी पैशांचं बघू, मग कागदांचं.

रिपासिंगला काय लागतं?

१ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, दुचाकीची ३०० वरून १,०००. परदेशातून आणलेल्या कारला ४०,०००. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढ झाली: कारला १०,०००, दुचाकीला २,०००. शिवाय महाराष्ट्रात २०१०पासून पर्यावरण कर आहे, तो पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला ३,०००, डिझेल कारला ३,५०० आणि दुचाकीला २,००० रुपये. मुदत उलटून गेली की कारला दर महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये उशिराचे. अर्ज फॉर्म २५ वर करायचा. मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत तो करता येतो, तेव्हा ती तारीख आजच आरसीवर बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

म्हणजे पंधरा वर्षांच्या पेट्रोल कारला सरकारी खर्च आठ हजारांचा. खरा खर्च गॅरेजमध्ये होतो. सडलेली फ्लोअर, झिजलेले टायर, पिवळे पडलेले हेडलाइट हे सगळं नीट करूनच गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि गाडी एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटीही बसवलेली हवी.

सेकंडहँड बाजारात याचा पडसाद बारा-तेरा वर्षांच्या गाडीपासूनच उमटतो. घेणारा आरसीवरची तारीख बघतो, रिपासिंगचा खर्च मनात मांडतो आणि तेवढा भाव पाडतो. उलट नुकतंच रिपासिंग झालेली, पुढची पाच वर्षं निश्चिंत असलेली गाडी ताठ भावाने जाते. विकायचीच असेल तर एक तर चौदावं लागण्याआधी विका, नाही तर पासिंग करून विका. मधल्या काळात विकणारा बहुतेक वेळा तोट्यात जातो, असं माझं मत आहे.

स्क्रॅपचा भाव म्हणजे खालची पायरी

गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर तीन ठिकाणाहून पैसे किंवा सवलत मिळते. पहिली धातूची किंमत. धोरणात ती नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती, पण प्रत्यक्षात केंद्रं वजनावर आणि गाडीच्या अवस्थेवर भाव लावतात. दुसरी, नव्या गाडीच्या मोटार वाहन करातली सूट. केंद्राने खासगी गाड्यांना २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाड्यांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. महाराष्ट्राने २०२५मध्ये ही सूट १५ टक्के केली. तिसरी, नव्या गाडीची नोंदणी फी माफ. कंपन्यांची सवलत वेगळी. ऑगस्ट २०२४मध्ये बऱ्याच कार कंपन्यांनी दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढी सूट द्यायची तयारी दाखवली होती. ती ऐच्छिक आणि मुदतीची असल्यामुळे शोरूमवाल्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या.

एक हिशेब मांडून बघू. साडेचौदा वर्षांची वॅगनआर, वजन साधारण साडेआठशे किलो. किलोला २५ रुपये भाव मिळाला असं धरा, म्हणजे २१,२५० रुपये. नवी गाडी आठ लाखांची पेट्रोल घेतली तर महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी कर ८८,००० रुपये, त्यावर १५ टक्के सूट म्हणजे १३,२००. नोंदणी फी ६००. एकूण ३५,०५० रुपये. ही तुमच्या गाडीची खालची पायरी. पस्तीस हजारांच्या खाली कुणी मागत असेल आणि तुम्ही नवी गाडी घेणारच असाल, तर मोडीत काढणं फायद्याचं. गिऱ्हाईक साठ-सत्तर हजार देत असेल तर निवांत विका. नवी गाडी घ्यायचीच नसेल तर पायरी एकवीस हजारांवर येते. मात्र तेव्हाही गाडी दिल्यावर केंद्राकडून मिळालेलं जमा प्रमाणपत्र दुसऱ्याला देता किंवा विकता येतं, आणि त्याची थोडी किंमत येऊ शकते.

करसवलतीला गाडीचं वय, तोच वाहनप्रकार आणि ठराविक मुदत अशा अटी आहेत. म्हणून पंधरा वर्षं उलटून जायची वाट बघू नका. नवी गाडी बुक करण्याआधी, जिथे पासिंग होणार त्या आरटीओत जाऊन नेमकी किती सूट बसेल ते विचारा. दुचाकी मोडून कारवर सूट मागायला गेलेले लोक हात हलवत परत येतात.

सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाड्यांचे भावही खाली ओढले गेले. आपल्या गाडीला दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेला भाव मिळेल, ही अपेक्षा धरू नका.

भंगारवाल्याला का देऊ नये

हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण आमच्या घरी घडलं आहे. वडिलांची जुनी स्कूटर बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती. दारावर आलेल्या भंगारवाल्याला आम्ही ती बाराशे रुपयांना दिली. त्याने ती टेम्पोत आडवी टाकून नेली आणि आरसी कपाटातच राहिली. तीन वर्षांनी वडिलांच्या नावावर विनाहेल्मेटचं चलन आलं. फोटोत नंबर आमचाच, पण गाडी वेगळीच. आमची पाटी दुसऱ्याच स्कूटरवर फिरत होती. वडील पंचाहत्तरीचे. पोलीस ठाण्यात जबाब, आरटीओत अर्ज, पुन्हा पोलीस ठाणं. स्कूटरच हातात नसल्यामुळे मोडीत काढल्याचा पुरावा कुठून आणायचा, हाच प्रश्न होता. चलनाऐवजी अपघाताची केस आली असती तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

नोंदणीकृत केंद्रात चासी नंबरचा तुकडा कापून प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने जपून ठेवावा लागतो. त्या नंबरावर दुसरी गाडी उभी राहू नये, हा त्यामागचा हेतू. तेल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी हे सगळं गाडी कापण्याआधी काढून घेतात. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे तेच ऑइल गटारात जातं.

शिवाय १ एप्रिल २०२५पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनुसार, आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांच्या आत केंद्रात किंवा ठरवून दिलेल्या संकलन ठिकाणी जमा करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

कोणती गाडी देता येते

मालकाने स्वतःहून दिलेली कोणतीही, वयाची अट नाही. ज्यांची नोंदणी किंवा फिटनेस नूतनीकरण झालं नाही, आग, दंगल, पूर किंवा अपघातात ज्या निकामी झाल्या, ज्या जप्त किंवा बेवारस होऊन लिलावात गेल्या, त्याही. गाडी कोणत्याही राज्यात पासिंग झालेली असली तरी देशातल्या कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात चालते. एमएच-०९ची, म्हणजे कोल्हापूरची गाडी पुण्यात द्यायला एनओसी काढायची गरज नाही.

अडतं ते चार गोष्टींवर. गाडीवर बँकेचा बोजा आहे का, कर किंवा चलन थकलेलं आहे का, गुन्ह्याच्या नोंदीत गाडीचा नंबर आहे का, आरटीओने काळ्या यादीत टाकली आहे का. यातलं काहीही असलं तर केंद्र गाडी घेत नाही. सगळ्यात जास्त लोक बोज्यावर अडकतात. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, बँकेची एनओसी फाइलमध्ये पडून असते, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलेला नसतो. त्या एनओसीलाही मुदत असते, जुनी चालत नाही. बँकेकडून नवी एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आधी बोजा उतरवा.

कागदपत्रं

मूळ आरसी, ती हरवली असेल तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत. मालकाचं आधार आणि पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, पैसे ज्या खात्यात हवेत त्याचा रद्द केलेला चेक. मालकाऐवजी दुसरं कुणी जात असेल तर सहीचं अधिकारपत्र. गाडी लिलावात घेतलेली असेल तर विक्रीचं प्रमाणपत्र.

मालक हयात नसतील तर मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो. आजोबांच्या किंवा काकांच्या नावावरच्या गाड्या गावाकडे अंगणात अशाच गंजत पडलेल्या दिसतात. बाकीच्या वारसांची संमती आधीच घेऊन ठेवा, नाही तर वीस हजारांच्या गाडीपायी भावाभावांत कुरबूर होते.

अर्ज कसा करायचा

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर 'व्ही-स्क्रॅप' हा विभाग आहे. गाडीचा नंबर आणि चासीचे आकडे टाकले की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा मोबाइल नंबर बऱ्याचदा एजंटचा किंवा बंद पडलेला असतो, तो आधी बदलून घ्या. मग केंद्र निवडायचं. ऑनलाइन जमत नसेल तर केंद्रातले लोकही अर्ज भरून देतात, त्यांना ती सोय ठेवावीच लागते. भाव मात्र दोन-तीन केंद्रांना विचारून ठरवा आणि टोइंगचा खर्च कुणाचा ते आधीच बोलून घ्या.

गाडी देताना हमीपत्रावर सही होते, आणि मग जमा प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे 'सीडी' म्हणतात. करसवलत याच कागदावर मिळते. त्यावरचं नाव, नंबर, चासीचे आकडे आणि मुदत तिथेच उभं राहून तपासा. गाडी प्रत्यक्ष कापली गेल्यावर दुसरं, म्हणजे वाहन मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तशी नोंद होते. पंधरा-वीस दिवसांनी आपला नंबर ऑनलाइन टाकून नोंदणी रद्द दिसते का ते बघा. दिसत नसेल तर दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन आरटीओत जा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती आपल्याकडे खूप फिरतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती कायम केली. ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने मालकांवर कारवाई न करण्याचा आदेश दिला, पण डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. म्हणून तिकडचे भाव पडतात. पण गाडी इकडे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हा खर्च तुमच्या माथी असतो. एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

सरकारी लिलावातली जीप घेऊन ती पासिंग करून चालवायची, ही गावाकडची जुनी वाटही बंद झाली. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवली जात नाही, त्या थेट स्क्रॅपिंग केंद्रांकडे जातात. कुणी अशी गाडी 'पासिंग करून देतो' म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

विकणाऱ्याने मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊन थांबू नये. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. गाडी डीलरला देत असाल तर एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलरने ताबा घेतल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने तो मालक मानला जातो. ती सूचना भरली का, त्याची पावती मागा. देत नसेल तर गाडीची चावी देऊ नका.

गाडी मोडीत काढल्यावरची दोन कामं लोक हमखास विसरतात. फास्टॅग बंद करा, त्यातली शिल्लक आणि अनामत परत मिळते. आणि विमा कंपनीला प्रमाणपत्र पाठवून पॉलिसी रद्द करा, तेव्हाच नो-क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या विम्यात ओन-डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंतची सूट त्याच पत्रावर मिळते.