पीएलव्ही म्हणजे स्वस्तातले वकील नव्हेत

पॅरालीगल व्हॉलंटियर (पीएलव्ही), म्हणजे कायदेशीर मदत लोकांपर्यंत पोचवणारे स्वयंसेवक, वकिलांच्या पोटावर पाय द्यायला आणलेत, हा समज शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात अजून फिरतो. साफ चूक. ‘नालसा’ने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २००९ मध्ये ही योजना आणली ती सामान्य माणूस आणि मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण यांच्यातला दुवा म्हणून. हे स्वयंसेवक कोर्टात बाजू मांडत नाहीत. मिळतं ते मानधन, तेही बेताचंच. समजा, येरवड्यातल्या कच्च्या कैद्याला वकील नाही. त्याचा अर्ज लिहून घ्यायचा, प्राधिकरणाकडे पोचवायचा, हे यांचं काम. खटला लढवतो प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा (यादीतला) वकीलच. म्हणजे कामं जातात कुठली, उलट येतात! आणि हो, कोठडीतला माणूस किंवा कुठलीही महिला असेल, तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा.