पाय काढला तरी चढणारी गाडी

खडकाळ चढावर एखादी छोटी फोर-बाय-फोर पहिल्या गिअरमध्ये लावायची आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून घ्यायचा. कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन असेल, तर पुढचं चाक दगडाला टेकताच गाडी आचके देऊन बहुधा बंद पडते. त्याच गाडीत डिझेल इंजिन असेल, तर आवाज थोडा जड होतो आणि चाक दगडावर चढतं. सुझुकी सामुराईसारख्या गाडीत फोक्सवॅगनचं डिझेल इंजिन बसवायला लोक महिनोन्‌महिने खपतात, ते माझ्या मते या चढण्यासाठीच.

यामागे आहे गव्हर्नर, म्हणजे इंधन कमी-जास्त करून इंजिनाचे फेरे आपोआप सांभाळणारी यंत्रणा. पेट्रोल इंजिनात पॅडल हवेची झडप उघडतं. पाय काढला की हवा अडते आणि अचानक ओझं आलं तर ताकद वाढवायला फारसा वाव उरत नाही. डिझेल इंजिन मात्र हवा कायम पोटभर घेतं. कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. ते मोजून द्यायला पंपातच कुणीतरी राखणदार लागतो, नाहीतर ओझं उतरताच इंजिनाचे फेरे बेसुमार वाढतील. बॉशच्या व्हीई नावाच्या जुन्या डिझेल पंपात हे काम फिरती वजनं करतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि इंधन घटतं. फेरे मंदावले की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि इंधन वाढतं. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेल्या गोळ्यांचंच हे तत्त्व. फोक्सवॅगनच्या पुढच्या 1.9 टीडीआय या टर्बो डिझेल इंजिनात हीच राखण संगणक करतो.

आता ओढ पाहू. सामुराईचं 1.3 लिटर पेट्रोल इंजिन मिनिटाला 3500 फेऱ्यांच्या आसपास जेमतेम 100 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, देतं. 90 अश्वशक्तीचं 1.9 टीडीआय 1900 फेऱ्यांनाच 202 देतं. म्हणजे निम्म्या फेऱ्यांत दुप्पट पीळ.

पण गाडीचे गिअर पेट्रोलच्या स्वभावाला बेतलेले असतात. सामुराईत पाचव्या गिअरचं गुणोत्तर 0.795, ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचं 1.409 आणि ॲक्सलवरच्या डिफरन्शियलचं 3.727. यांचा गुणाकार साधारण 4.2 येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 4.2 फेरे. मूळ टायरवर ताशी 100 किलोमीटर गाठायला इंजिनाला मिनिटाला 3400 फेरे मारावे लागतात. पेट्रोलला हे सहज जमतं, डिझेलला रटाळ आणि गोंगाटाचं होतं. 31 इंची टायर लावले की हाच आकडा 2900 च्या आसपास येतो. एवढे मोठे टायर पेट्रोल इंजिनाला दमवतात, डिझेल ते ओढून नेतं. उलट लो रेंजमध्ये, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये, पहिल्या गिअरला एकूण गुणोत्तर सुमारे 31 होतं; पाय काढल्यावरच्या 900 फेऱ्यांच्या आयडलिंगला मूळ टायरवरची गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीहूनही हळू, रांगते.

खरा घाम निघतो तो जोडणीत. फोक्सवॅगनच्या इंजिनाचे बोल्ट सुझुकीच्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत, म्हणून मध्ये ॲडॅप्टर प्लेट घालावी लागते. क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची चूकही बेअरिंग आणि क्लच प्लेट खाऊन टाकते. माझ्या मते पैसे वाचवायची ही जागा नव्हे. बीडाच्या ब्लॉकचं वजन पुढच्या स्प्रिंगांना दाबतं, आणि ऑइल चेंबर खालच्या ॲक्सलला भिडू नये म्हणून कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो.

काही गोष्टी नंतर लक्षात येतात. हवेची झडपच नसल्याने मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, पुरेशी पोकळी तयार होत नाही. या पोकळीच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडला नाही, तर ब्रेक दगडासारखे कडक होतात. डिझेलला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल नसते, त्यामुळे फेरे दाखवणारा काटा मुका होतो. त्याला अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल द्यावा लागतो. टाकीत उरलेलं पेट्रोल पूर्ण काढायलाच हवं, कारण पंपाचं वंगण म्हणजे खुद्द डिझेलच.

आणि एक धोका. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोची सील गेली की इंजिनाचंच ऑइल हवेबरोबर आत जातं आणि इंधनासारखं जळतं. हे इंधन पंपातून येत नाही, त्यामुळे गव्हर्नरचा त्यावर ताबा नसतो. फेरे वाढतच जातात, चावी फिरवूनही उपयोग होत नाही. अशा वेळी वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबायचा आणि क्लच सोडून द्यायचा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतं. ते जमलं नाही, तर हवेचं तोंड सपाट फळीने बंद करायचं. तिथे हात घालायचा नाही.