माणूस आडवा येतो तेव्हा

फाइव्ह-जीच्या सर्वांत वेगवान पट्ट्यातला सिग्नल अडवायला भिंत लागत नाही, माणूस पुरतो. फोन आणि अँटेना यांच्या मधून कोणी चालत गेले, तर सिग्नल २० ते ३० डेसिबलने घसरू शकतो. डेसिबल हे फसवे माप आहे, आकडा लहान वाटतो. २० डेसिबलची घट म्हणजे शक्तीचा शंभरावा हिस्सा उरला, ३० म्हणजे हजारावा.

३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या या लहरींची लांबी १० ते १ मिलिमीटर, म्हणून त्या मिलिमीटर लहरी. (२८ गिगाहर्ट्झची लहर १० मिलिमीटरहून किंचित लांब, पण सवयीने तीही याच कुळात मोजतात.) इतकी आखूड लहर अडथळ्याच्या कडेवरून फारशी वळत नाही. लहरीला दोन टोकांमधल्या सरळ रेषेभोवती थोडी मोकळी जागा लागते, मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळती. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. अँटेना १०० मीटरवर आहे आणि फोनपुढे १ मीटरवर कोणी उभे आहे असे समजा. १ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी त्या जागी हे क्षेत्र सुमारे १.१ मीटर रुंद भरते. माणूस त्यातला काही भागच झाकतो, उरलेली लहर बाजूने निघून येते. २८ गिगाहर्ट्झला तेच क्षेत्र जेमतेम २० सेंटिमीटर. ते छातीआड सबंध गडप होते.

मग या लहरींचा हट्ट का? कारण इथे जागा भरपूर आहे, आणि चॅनेल, म्हणजे सिग्नलला मिळणारा लहरींचा पट्टा, जितका रुंद तितका वेग जास्त. फाइव्ह-जीमध्ये ६ गिगाहर्ट्झखाली एक चॅनेल फार तर १०० मेगाहर्ट्झ रुंद मिळतो, मिलिमीटर पट्ट्यात सुरुवातीपासूनच ४०० पर्यंत.

माणसाच्या या सावलीवरचा सुचणारा पहिला उपाय म्हणजे शक्ती वाढवणे. पण हजारावा हिस्सा उरलेला सिग्नल पूर्ववत करायला हजारपट शक्ती लागेल. ती ना नियमांत बसते, ना फोनच्या बॅटरीत. त्यापेक्षा वळसा घालावा. अंधाऱ्या खोलीत आरशाने कवडसा पाडतो, तसा सिग्नल दुसऱ्या कोनातून आणायचा. हे काम रिलेचे, म्हणजे मध्ये बसून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या उपकरणाचे.

रिले दोन जातींचे. पहिला ऐकलेले नुसते वाढवून पुढे ढकलतो; त्यात फारसा वेळ जात नाही, पण सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. दुसरा संदेश उलगडून, चुका काढून, नव्याने प्रसारित करतो. ६० गिगाहर्ट्झच्या वाय-फायसाठीच्या २०१२ सालच्या ८०२.११एडी मानकातही रिलेची तरतूद होती. आरशासारखे परावर्तक पृष्ठभागही आहेत. त्यांना वीज फार कमी लागते. पण ते सिग्नल वाढवत नाहीत, आणि दोन्ही टप्प्यांतल्या क्षीणतेचा गुणाकार होतो. मोठ्या अंतराला ते कितपत पुरतील, याबद्दल मी जरा साशंकच आहे.

खरा पेच रिले कुठे बसवायचा हा आहे. मुख्य अँटेनाच्याच दिशेला बसवला, तर एकच माणूस दोघांनाही झाकेल आणि खर्च पाण्यात. सरळ वाट १० टक्के वेळ बंद असते आणि रिलेची वाटही तेवढीच, असे धरू. दोन्ही सावल्यांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्ही वाटा एकदम बंद असण्याची वेळ १ टक्क्यावर येते. दोन्ही वाटा एकाच खांद्याआड जात असतील, तर ती १० टक्केच राहते. म्हणून रिले उंचावर हवा आणि वेगळ्या बाजूला हवा. फोन धरणाऱ्याचे स्वतःचे शरीर हाही अडथळाच. अँटेना पाठीमागे गेली, तर रिले समोर असलेला बरा.

याची किंमत वेळेत चुकवावी लागते. संदेश उलगडणारा साधा रिले एकाच पट्ट्यावर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, कारण त्याचा स्वतःचाच आवाज त्याला बहिरा करतो. दोन्ही टप्पे सारखेच वेगवान असले, तर एकूण वेग निम्म्यावर येतो. तरी बंद पडलेल्या वाटेपेक्षा निम्मा वेग केव्हाही परवडला.

शिवाय या लहरी अरुंद झोतात सोडाव्या लागतात. वाट तुटल्यावर नवी दिशा शोधत बसले, तर व्हिडिओ कॉल तोवर गोठतो. म्हणून रिलेकडची दिशा आधीच शोधून ठेवायची आणि अधूनमधून तपासत राहायची. थोडी पूर्वसूचनाही मिळते. माणूस वाटेत पुरता येण्याआधी त्याच्या कडेवरून विखुरलेली लहर सरळ लहरीत मिसळते, आणि सिग्नल खाली-वर हेलकावू लागतो. हेलकावे ओळखू आले, तर सावली पडण्याआधीच झोत रिलेकडे वळवता येतो.