निवांत भरवसा (ख्रिस्ती जीवनातील)

निवांत भरवसा : संकट आले की आधी देवापुढे गप्प बसायचे, आपला भार त्याच्यावर टाकायचा आणि त्यातून येणाऱ्या बळावर पुढचे काम हाती घ्यायचे, अशी ख्रिस्ती जीवनातील वृत्ती व साधना. गोव्यातील ख्रिस्ती समाजात तिला वेगळे नाव नाही. ‘भावार्थ’ आणि ‘भरवसो’ या रोजच्या कोकणी शब्दांतच ती सामावलेली आहे.

यांतला भावार्थ हा शब्द मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावा असा आहे. आज आपल्याकडे भावार्थ म्हणजे कवितेचा आशय. जुन्या मराठीत मात्र तो अंतःकरणाच्या निष्ठेचा शब्द होता आणि गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत तो त्याच अर्थाने अजून जिवंत आहे. श्रद्धेला तिथे भावार्थच म्हणतात. भक्तीची ही मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजली त्यात फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचा वाटा मोठा. हे इंग्रज जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आले आणि आयुष्यभर, मुख्यतः दक्षिण गोव्यातील साष्टी तालुक्यात, राहिले. त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना बायबलमधील कथा त्यांच्या कानांच्या ओळखीच्या छंदात ऐकायला मिळाल्या.

या वृत्तीचा बायबलमधील मुख्य आधार म्हणजे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील तिसाव्या अध्यायाचे पंधरावे वचन. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदा राज्यावर अश्शूरच्या सैन्याचे सावट होते आणि दरबारी मंडळी मिसरच्या (इजिप्तच्या) घोड्यांकडे व रथांकडे डोळे लावून बसली होती. यशयाने त्यांना बजावले, की माघारी फिरणे आणि स्वस्थ राहणे यातच तुमचा बचाव आहे, शांतपणा आणि भरवसा हेच तुमचे बळ आहे. पुढच्याच ओळीत लोकांचे उत्तर येते : नाही, आम्ही घोड्यांवर बसून पळू. संदेष्ट्याचे म्हणणे आणि लोकांचा हा नकार एकत्र वाचले तरच वचनाची धार कळते.

मूळ हिब्रूत इथे ‘हश्केत’ आणि ‘बित्खा’ असे दोन शब्द आहेत, पहिला निवांतपणाचा, दुसरा भरवशाचा. जुआंव फेर्रेरा द आल्मेदा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज बायबलमध्ये पहिल्यासाठी ‘सोसेगो’ हा शब्द येतो. गोव्याबाहेर थट्टेने वापरला जाणारा ‘सुशेगाद’ याच घरातला. पर्यटकांच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ दुपारची झोप आणि आळस असा करून टाकला, हे या शब्दावर अन्याय करणारे आहे. यशयाच्या वचनात ‘सोसेगो’ बळाच्या जोडीने येतो.

नव्या करारातील वादळाची कथाही याच अर्थाने सांगतात. मार्काच्या शुभवर्तमानात होडीत पाणी शिरते, शिष्य घाबरतात आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो. त्याला उठवल्यावर तो वाऱ्याला दटावतो आणि मग शिष्यांना विचारतो, तुम्ही असे भित्रे का? दर्यावर पोट असलेल्या गावांत ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

गोव्याच्या इतिहासात या वृत्तीचे सर्वांत मोठे उदाहरण संत जुझे वाझ (१६५१–१७११) यांचे. बाणावली येथे जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १६७७ साली सांकवाळ येथे स्वतःला येशूची आई मरिया हिचा गुलाम म्हणून लेखी वाहून दिले. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. तिथे डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. कँडीत त्यांना पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत टाकले गेले. सुटकेसाठी आकांत न करता त्यांनी तो काळ प्रार्थनेत घालवला आणि सिंहली भाषा शिकून घेतली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, तेव्हा टाकून दिलेल्या रुग्णांची शुश्रूषा त्यांनीच केली. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

योगायोग असा, की ज्या १६८७ साली जुझे वाझ समुद्र ओलांडत होते, त्याच वर्षी रोममध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी मिगेल द मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूंच्या शिकवणीचा निषेध केला. आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे, स्वतःहून काहीच करू नये, असे ती शिकवण सांगे. चर्चने ती नाकारली. देवावर भार टाकणारा माणूस हात जोडतो, पण हात झटकत नाही, हा भेद कँडीच्या साथीत जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्याही ग्रंथात दिसत नाही.

रोजच्या जगण्यात ही साधना घरातल्या तेर्साने, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेने, टिकवली आहे. तिन्हीसांजेला इगर्जीची घंटा वाजते, आंजेलूस ही मरियेची छोटी प्रार्थना म्हणतात; मग घरातली माणसे वेदीपुढे जमतात. पाच मिस्तेर (येशू-मरियेच्या जीवनातील चिंतनाचे प्रसंग), प्रत्येकात दहा वेळा ‘नमान मारिये’ ही मरियेला वंदन करणारी प्रार्थना. एकाने अर्धे म्हणायचे, बाकीच्यांनी उरलेले. ज्या घरचा तारवटी (खलाशी) महिनोन्महिने बोटीवर असतो, तिथे आईचे बोट एखाद्या मण्यावर जरा जास्त वेळ थांबते. फोन आलेला नसतो, कुणी त्याबद्दल बोलत नाही, आणि पुढचा मणी ओढला जातो. तेर्स संपला की मुले थोरांकडे ‘बेसांव’ मागतात, थोर आशीर्वाद देतात, आणि चुलीवरची कढी खाली उतरते. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदीन ही सामूहिक प्रार्थना गातात तेव्हा हीच प्रार्थना व्हायोलिनच्या साथीने सगळ्या शेजाराची होते. शेवटी उकडलेले चणे वाटतात.

मौनाला वाहिलेल्या जागाही आहेत. बागा येथील जेझुइटांच्या एकांतगृहात लोक काही दिवस न बोलता राहतात. पिळार येथे पूज्य आग्नेल द सोझा (१८६९–१९२७) यांची समाधी आहे. हणजुण्यात जन्मलेले हे धर्मगुरू अखेरच्या वर्षांत राशोल सेमिनारीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. गुरुवारी त्यांच्या समाधीपाशी सर्व धर्मांचे लोक येतात. बरेच जण काही पुटपुटतही नाहीत. समाधीच्या दगडावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहतात आणि बस पकडायला टेकडी उतरतात.