पुरुषी टक्कल : कारणांचा शोध आणि उपचारांची वाटचाल

पुरुषांना टक्कल का पडते, याचे पटण्याजोगे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाकडेच नव्हते. उपाय मात्र हजारो वर्षे सांगितले जात होते. इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकग्रंथात सिंह, पाणघोडा, मगर अशा प्राण्यांची चरबी टाळूला लावण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत वातासह कुपित झालेले पित्त केस गाळते आणि मग रक्तासह कफ रोमकूप रोखून धरतो, त्यामुळे तेथे नवे केस उगवत नाहीत, अशी उपपत्ती आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत मात्र एक साधे निरीक्षण नोंदवलेले आहे : वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढच्या साऱ्या ज्ञानाचे सूत्र या निरीक्षणात होते, तरी दोन हजारांहून अधिक वर्षे त्याचा कोणी नेटाने पाठपुरावा केला नाही आणि दोष कधी घट्ट टोप्यांना, तर कधी जंतूंना दिला गेला.

हा पाठपुरावा अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी केला. वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे काढली गेली होती किंवा निकामी झाली होती, अशा पुरुषांचा अभ्यास त्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. या पुरुषांना टक्कल पडलेले नव्हते. परंतु टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर त्यांच्यापैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक देणे थांबवताच गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. आनुवंशिकता, पुरुषी संप्रेरक आणि वय या तिन्ही गोष्टी जुळून आल्याशिवाय हे टक्कल पडत नाही, हे या कामातून पुढे आले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, कारण गळती रोखता येते पण गमावलेले परत मिळवणे अवघड असते, ही आजच्या उपचारांचीही मर्यादा त्या निरीक्षणातच दिसली होती. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्यांचे वर्गीकरणही केले. ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेले त्याचे रूप डॉक्टर आजही वापरतात.

तरीही एक कोडे उरले होते. टक्कल पडलेल्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त असतेच असे नाही, मग फरक कशामुळे पडतो? त्याचा धागा १९७४ मध्ये ज्युलिएन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांच्या गटाने डॉमिनिकन प्रजासत्ताकात केलेल्या अभ्यासातून मिळाला. तेथील काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) जन्मतःच अपुरे होते. अशा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांच्या कपाळावरची केसांची रेषा मागे हटत नसे. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला संवेदनशील असलेल्या केशमुळांत केसाच्या वाढीचा काळ, जो एरवी साधारण दोन ते सहा वर्षांचा असतो, आवर्तनागणिक आखूड होतो. मूळ आक्रसते आणि जाड केसाच्या जागी बारीक लव उरते. हे विकर रोखणारे फिनास्टराइड १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमच्या मात्रेत, तर १९९७ मध्ये टकलासाठी एक मिलिग्रॅमच्या मात्रेत अमेरिकेत मंजूर झाले. काही पुरुषांना त्याने लैंगिक दुष्परिणाम होतात, आणि गोळी थांबवल्यावरही ते टिकल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय हे औषध घेऊ नये.

मिनॉक्सिडिलची कथा वेगळ्याच दिशेने सुरू होते. तीव्र रक्तदाबावरील गोळी म्हणून ते १९७९ मध्ये बाजारात आले आणि ते घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले. या दुष्परिणामाचाच उपयोग करून बनवलेल्या टाळूला लावायच्या दोन टक्के द्रावणाला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात आणि लाभ दिसायला चार-सहा महिने लागतात, हे आधी न सांगितल्यामुळे अनेकजण ते अर्ध्यावर सोडतात, याची खंत वाटते. औषध बंद केल्यास काही महिन्यांत मिळालेले केसही जातात.

शस्त्रक्रियेचा पाया न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी घातला. मागच्या बाजूचे केशमूळ पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव टिकवते, म्हणजे नव्या जागीही गळत नाही, हे त्यांनी १९५९ मध्ये मांडले. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच केशरोपणाचे तंत्र वर्णिले होते, परंतु युद्धकाळात ते बाहेर पोहोचले नाही. ओरेंट्राइख यांच्या पद्धतीत त्वचेचे सुमारे चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावले जात, त्यामुळे केस झुपक्यांनी उगवत. नैसर्गिक दिसणारी रचना १९९०च्या दशकात, एक ते चार केसांचे नैसर्गिक गट सुटे करून लावण्याची पद्धत रुळल्यावर साधली.

टक्कल आईच्या वडिलांकडूनच येते, या समजुतीत सत्याचा अंश आहे, कारण पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीचे (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे) जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडून मिळते. मात्र ५० हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुषांच्या २०१७ मधील विश्लेषणात टकलाशी जोडलेली २८० हून अधिक जनुकीय स्थाने आढळली आणि त्यांतील बहुतेक इतर गुणसूत्रांवर होती. त्याआधी २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांना टक्कल पडलेल्या त्वचेत मूळपेशी (स्टेम सेल) केस असलेल्या त्वचेइतक्याच, जवळजवळ तेवढ्याच संख्येने आढळल्या होत्या. त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पूर्वज पेशींची संख्या मात्र बरीच घटली होती. हे रूपांतर पुन्हा कसे सुरू करता येईल, यावर आता संशोधन सुरू आहे.